रेमेदिओसची बाजू

रेमेदिओस ही बाई नालायक आहे, याबद्दल सगळ्या बल्गेरियाचं एकमत झालं होतं. फक्त द्र्यानोवोच्या नेद्यल्काचं काही केल्या होईना.

'चौथी गल्ली' नावाची ती स्पेनची मालिका रोज संध्याकाळी पाचला लागायची. बेकरी चालवणारी अम्पारो, तिची आई रेमेदिओस, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात नाक खुपसणारा तो मेला फेर्मिन. चारशेव्या भागात उघडकीला आलं, की अम्पारोच्या बापानं तुरुंगातून पाठवलेली पत्रं या रेमेदिओसनं वर्षानुवर्षं पिठाच्या पिंपामागं दडवून ठेवली होती. वर पोरीलाच ऐकवत होती, की तुला बापाची आठवणसुद्धा येत नाही! झालं. मालिकेच्या चाहत्या बायकांचा फोनवर एक गट होता, चार हजारांचा. सगळ्या तुटून पडल्या. सटवी काय, कैदाशीण काय! प्लोवदिवच्या एका बाईनं तर तिला त्याच पिंपात कोंबायला सांगितलं. आणि नेद्यल्का, वय अडुसष्ट, शिवण कारखान्यातून निवृत्त, चष्मा नाकावर घट्ट बसवून एका बोटानं उत्तर लिहीत बसायची: 'तिचीही काही बाजू असेल. लेखकानं दाखवली नाही म्हणून नसते असं नाही.'

लेखकाशी तिचं जुनं भांडण होतं. तो कोण, कुठला, तिला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या खोड्या तिला पाठ होत्या. मालिकेत कुणाला साधा खोकला झाला, की तो माणूस तिसऱ्या आठवड्यात गेलाच म्हणून समजायचं. खिडकीकडे तोंड करून बोलणारा हटकून खोटं बोलत असतो. आणि हरवलेला जुळा भाऊ परत आला, की ओळखावं, लेखकाचं डोकं आटलं. "छत्तीस वर्षं कॉलरी शिवल्यात मी," ती म्हणायची, "कुठं उसवलंय ते मला लांबून दिसतं."

हे ऐकायला शेजारची गेर्गिना असायची. ती रोज मोजे विणायला घेऊन यायची, सोफ्याचा उजवा कोपरा बळकावायची आणि निम्मी मालिका सुयांकडेच बघत ऐकायची. मग विचारायची, "आता हा कोण?"

"अगं फेर्मिन! सहाशे भाग झाले!"

"मिशा काढल्या वाटतं."

"मिशा त्याला कधी नव्हत्याच, गेर्गिना."

"मग काय तर. म्हणूनच ओळखू येत नाही."

पण नेद्यल्काची खरी जोडीदारीण वॅलेन्सियात होती. बिल्याना, तिची एकुलती एक मुलगी. चौदा वर्षांपूर्वी तिकडे गेली ती तिकडचीच झाली. परक्या घरातल्या म्हाताऱ्यांचं करायची, त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची, फिरवायची. स्पेनमध्ये ही मालिका कधीच संपली होती, पण बिल्याना ती इंटरनेटवर शोधून आईच्या वेळापत्रकानं बघायची. आईचा भाग जिथवर आला तिथवरच, पुढे एक पाऊल नाही. रविवारी चारला तिचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. पाऊण तास बोलणं व्हायचं आणि त्यातली चाळीस मिनिटं अम्पारोची असायची.

"आई, पत्रं लपवली तिनं. लपवली ना?"

"लपवली. पण का लपवली, विचारलं कुणी?"

"ज्यानं लपवलं त्यानं आपणहून सांगायचं असतं. लोकांनी किती विचारत बसायचं?"

"तू म्हणजे अम्पारोची वकील."

"आणि तू रेमेदिओसची. फी तरी देते का ती?"

मग नेद्यल्का घाईघाईनं विषय फेर्मिनवर न्यायची. फेर्मिन मोठा कामाचा माणूस होता. त्याला शिव्या घातल्या की दोघींचं जमायचं.

बाकीच्या पाच मिनिटांत तब्येत, हवा, गेर्गिनाचे गुडघे. स्तोइमेनचं नाव कधी निघायचं नाही. स्तोइमेन म्हणजे नेद्यल्काचा नवरा, बिल्यानाचा बाप. गाब्रोवोची बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गेला. गुरुवारी पहाटे गेला, शुक्रवारी त्याला पुरलं आणि शनिवारी दुपारी बिल्याना बॅग ओढत फाटकाशी पोचली. घर माणसांनी भरलेलं. काका, आत्या, कारखान्यातल्या बायका. सगळ्यांदेखत नेद्यल्का म्हणाली होती, "परक्याच्या बापाला न्हाऊ घालत बसलीस, आणि स्वतःच्या बापाला मूठभर माती द्यायला तुला वेळ मिळाला नाही." बिल्याना तिथंच फाटकापाशी बॅगेवर बसली. चार दिवस राहिली, भांडी घासली आणि परत गेली.

त्यानंतर सहा महिने फोन नाही. मग एका रविवारी आला. बिल्यानानं घसा खाकरून विचारलं, "आई, ती 'चौथी गल्ली' बघतेस का?" बघत नव्हती, दुसऱ्या दिवसापासून बघायला लागली. मायलेकींमध्ये बोलायला तेवढी एक गल्लीच उरली होती.

आता नेद्यल्काच्या पिंपामागं काय होतं ते सांगायला हवं. स्तोइमेनला पहिल्यांदा धाप लागली ती सोमवारी सकाळी. डॉक्टर म्हणाला गाब्रोवोला हलवा, स्तोइमेन म्हणाला मी त्या रस्त्यावर तीस वर्षं घालवलीत, आता पुरे. आणि नेद्यल्काचं मनगट धरून म्हणाला, "पोरीला कळवू नकोस. धावत येईल, नोकरी जाईल, आणि मी बुधवारी अंगणात लाकडं फोडत असेन." तिनं ऐकलं. तिलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोला. बुधवारी लाकडं कसली, त्याला उशीवरून मान उचलेना, तेव्हा रात्री तिनं फोन केला. सोमवारी केला असता तर बिल्याना मंगळवारच्या विमानानं त्याच दिवशी घरात असती; त्यानंतरचं विमान थेट शनिवारी होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. शनिवारी मुलीला फाटकाशी बघितल्याबरोबर तो सगळा दोष नेद्यल्कानं उचलला आणि समोरच्या पोरीच्या अंगावर फेकला. हातातलं निखाऱ्याचं भांडं फेकावं तसा.

म्हणून ती चार हजार बायकांशी एकटी भांडत होती.

शेवटचा भाग फेब्रुवारीच्या एका शुक्रवारी लागला. गेर्गिना त्या दिवशी भाचीकडे गेली होती, नेद्यल्का एकटीच होती. बेकरी बंद व्हायच्या वेळेला रेमेदिओस दारात येऊन उभी राहिली. नेद्यल्का पुढे सरकून बसली. ही आता खिडकीकडे वळणार, आणि लेखक माती खाणार! पण रेमेदिओस वळली नाही. पोरीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी लपवली. बापाला तू विसरली नव्हतीस. मीच तुला विसरायला लावत होते." आणि पोरीनं तिला माफ केलं. संपली मालिका. नेद्यल्का पदर नसलेली बाई, तिनं टेबलावरच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं आणि गटात लिहिलं: 'लेखकाचे मी फार दोष काढले. आज परत घेते.'

मग रात्रीचं जेवण तसंच राहिलं. लिहिलेल्या बाईला जमतं, आणि आपल्याला जमत नाही? कागदावरची ती, तिला कसली लाज! असं नाही, तिलाही लाज होतीच, दिसत होती ना चेहऱ्यावर. नेद्यल्कानं स्वतःशीच दोन्ही बाजूंनी वाद घातला आणि हरली.

रविवारी माफीचा सण होता. ईस्टरपूर्वीचे मोठे उपास सुरू होण्याआधीचा रविवार. त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांकडे जायचं, हाताचं चुंबन घेऊन म्हणायचं, "माफ कर." थोरल्यानं म्हणायचं, "माफ आहे, देवही माफ करो." वर्षभराचं सगळं त्यात आलं. धाकटा मागणार, थोरला देणार. उलटं झालेलं द्र्यानोवोत कुणी ऐकलं नव्हतं. दरवर्षी बिल्यानाही फोनवर ते दोन शब्द म्हणायची, उरकल्यासारखे, आणि नेद्यल्काही उरकल्यासारखी माफ करायची. माफ कशाबद्दल, हे दोघी विचारत नसत.

चारला फोन वाजला. बिल्याना स्वयंपाकघरात होती, केस ओले.

"आई, शेवट बघितलास? मी तर... थांब, आधी सणाचं. आई, मला माफ—"

"थांब," नेद्यल्का म्हणाली. "आज तू नाही."

"म्हणजे?"

"मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही. तुझ्या बापाला सोमवारी धाप लागली. सोमवारी, बिल्याना. मी तुला बुधवारी फोन केला. तो नको म्हणाला आणि मी ऐकलं. मी सोमवारी कळवलं असतं तर तू पोचली असतीस. उशीर तुला झाला नाही, मी केला. आणि वर सगळ्यांदेखत तुला तसं बोलले. तीन वर्षं मला माहीत आहे, आणि तीन वर्षं तुला कळू दिलं नाही." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मला माफ करशील?"

बिल्यानानं तोंडावर हात दाबून धरला. डोळे भरून वाहायला लागले. नेद्यल्का बघत राहिली. मग बिल्यानानं मान हलवली. वर, खाली. पुन्हा वर, खाली. तीनदा.

इकडे बल्गेरियात मान वर-खाली केली की तो नकार. बोलता न येणारं पोरसुद्धा चमचा नको असला की तशीच मान करतं, आणि हवा असला की आडवी हलवतं. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नसतं.

"बरं," नेद्यल्का म्हणाली. "बरोबर आहे तुझं." आणि तिनं फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, पडदा काळा होईपर्यंत बाजूचं बटण दाबून बंद केला आणि पावाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

सोमवार गेला. तिनं गटात काही लिहिलं नाही, भाजीला मीठ घातलं नाही. मंगळवारी गेर्गिना आली ती दारातूनच बोलत आली.

"तुझ्या पोरीचा मला फोन! तुझा लागत नाही म्हणे. काय गं झालं?"

"काय म्हणाली?"

"नुसती रडत होती बाई. निम्मं त्यांच्या भाषेत, निम्मं आपल्या, मला कुठलं कळतंय. आईला सांगा फोन उचल, एवढं कळलं."

"उचलून काय ऐकू? जे सांगायचं ते तिनं सांगितलंय."

"भांडलात?"

"नाही. मी विचारलं, तिनं उत्तर दिलं. तिचा हक्क आहे." आणि एवढं बोलून नेद्यल्का, जी नवऱ्याच्या शवपेटीपाशीही ताठ उभी होती, ती गेर्गिनाच्या विणलेल्या मोज्यात तोंड खुपसून रडली. गेर्गिनानं सुया तेवढ्या काढून घेतल्या, डोळ्यात जातील म्हणून.

बुधवारी लोकाग्रहास्तव शेवटचा भाग पुन्हा दाखवणार होते. नेद्यल्काला बघायचा नव्हता. पण गेर्गिना हटून बसली. "सहाशे भाग मी ते मोजे विणत काढले, आणि शेवट मला नाही? लाव म्हणते ना!" लावला. नेद्यल्का भिंतीकडे बघत बसली. रेमेदिओस दारात आली, बोलली. आणि गेर्गिना, जिनं नेमकं या वेळी सुयांवरून डोळे उचलले होते, ती ओरडली.

"अगंबाई! नाही म्हणाली!"

"काय?"

"पोरगी गं. आई एवढी रडतेय, आणि ही सरळ नाही म्हणाली. दगड आहे दगड! आणि तू म्हणत होतीस गोड शेवट आहे."

"माफ केलं तिनं."

"कधी? तोंडातून शब्द नाही काढला. मान बघितलीस ना? अशी." गेर्गिनानं मान वर-खाली करून दाखवली. "माझ्या नातवाला पालक दिला की असाच करतो."

नेद्यल्काला एवढ्या दुःखातही राग आला. अडाणीपणा तिला सहन व्हायचा नाही, निदान मालिकेच्या बाबतीत. "अगं वेंधळे, ती स्पेनची आहे! त्यांची मान उलटी चालते. वर-खाली म्हणजे हो. सहाशे भाग काय मोजेच बघितलेस का? तिकडे राहणारी माणसं सगळी तशीच हो म्ह..."

ती थांबली. पडद्यावर नावं सरकायला लागली होती.

"काय गं?" गेर्गिना म्हणाली. "नेद्यल्का? पाणी देऊ?"

"तिकडे राहणारी," नेद्यल्का म्हणाली. "चौदा वर्षं." परक्या बाईची मान तिनं एका नजरेत बरोबर वाचली होती. पोटच्या पोरीला मात्र ती अजून द्र्यानोवोचीच समजत होती, बावीस वर्षांची, काल घरातून निघालेली. ती उठली, पावाच्या डब्याचं झाकण काढलं आणि फोनवरचा चुरा झटकायला लागली. गेर्गिनानं एकवार तिच्याकडे बघितलं, लोकर गोळा केली आणि मोठ्या शहाणपणानं घरी निघून गेली.

फोन चालू झाला आणि थरथरतच राहिला. एकेचाळीस वेळा लावला होता बिल्यानानं. नेद्यल्कानं उलट लावला, आणि पहिल्या घंटेला पोरीनं उचलला. डोळे सुजलेले, अंगावर कामाचा निळा डगला.

"आई! अगं कुठं होतीस? मेले ना मी इथं काळजीनं!"

"आधी मला सांग. रविवारी तू मान हलवलीस, ती काय म्हणून?"

"काय म्हणून म्हणजे? हो म्हणून."

"वर-खाली हलवलीस."

बिल्यानानं नकळत मान पुन्हा तशीच हलवून बघितली, आपलीच मान कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. "अगं आई गं," ती हळूच म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही. इथं सगळे... मला कळलंच नाही गं. म्हणजे तीन दिवस तुला वाटत होतं..."

"हो."

"आणि तू नुसती 'बरोबर आहे तुझं' म्हणालीस? भांडली का नाहीस माझ्याशी? त्या अम्पारोशी महिनोन् महिने भांडलीस!"

"तिच्याशी भांडता येतं. तिचं काही वाईट केलं नव्हतं मी."

दोघीही जरा वेळ नाकं पुसत राहिल्या.

"तोंडानं सांग," नेद्यल्का म्हणाली. "मान नको. आता मानेवर भरवसा नाही माझा."

बिल्यानानं डगल्याच्या बाहीनं डोळे पुसले. "मला राग आलाय, आई. खोटं नाही बोलणार. रविवारपासून सारखं मनात येतं, मंगळवारी मी तिथं असते. त्याचा हात धरला असता. तो राग एवढ्यात जायचा नाही. पण माफ आहे. दोन्ही आहे. माफ आहे, देवही माफ करो."

थोरल्यांचे शब्द ते, पोरीच्या तोंडून आलेले. नेद्यल्काला काय करावं कळेना. धाकट्यांनी करायचं ते तिनं केलं. पडद्यावर बिल्यानाचा हात दिसत होता, त्यावर ओठ टेकवले. काच गार होती आणि तिला पावाचा वास येत होता.

"आई, पण एक दे मला," बिल्याना म्हणाली. "ते दोन दिवस. सोमवार आणि मंगळवार. मला वाटायचं असे दिवस नव्हतेच, बुधवारी अचानकच सगळं झालं. ते होते ना? मग मला सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

हे दोन दिवस नेद्यल्कानं कधी कुणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर उघडे पडले असते. आता तिनं खुर्ची पुढे ओढली. सोमवारी तो दही मागत होता, गाईचं नको, म्हशीचंच हवं म्हणून अडून बसला. डॉक्टरला म्हणाला, तुम्ही बसचं तिकीट न काढता यायचात, आठवतंय मला. दुपारी झोपला. चारला उठून खिडकी उघडायला लावली, कुणाची गाडी चढावर नीट गिअर टाकत नाही ते ऐकायला, आणि त्या माणसाला अंथरुणातून शिव्या घातल्या. बिल्याना हसत होती आणि रडत होती. "पुढे?" म्हणाली.

"मंगळवारी सकाळपासून बोलणं कमी. मग म्हणाला, पोरीला कळवायचं नाही, पण तिचा आवाज आहे का तुझ्या फोनवर? होता. तू ऑक्टोबरात पाठवलेला निरोप. आठवतो? 'बाबा, लोणच्याच्या बरण्या तळघरातून तुम्ही आणायच्या नाहीत. आईला आणू दे, ती घोड्यासारखी आहे.' एवढाच. तो लावायला लावला. मग म्हणाला, परत लाव. चार वेळा ऐकला. डोळे मिटून."

"चार वेळा?"

"चार. आणि चौथ्या वेळी त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ नेला आणि तुला उत्तर दिलं. अगदी हळू. म्हणाला, 'नाही आणत गं बाळा. तू सांगितलंस ना, मग नाही आणत.'"